आजोळचं आसन की नेदरलँड्समधली पीएचडी?

वाचक मैत्रिणीचा प्रश्न थोडक्यात असा: तिचं वय 32. आई घानाच्या असांते प्रांतातल्या एका राजघराण्यातली, वडील पुण्याचे. दहावीपर्यंत शिक्षण पुण्यात झालं, पुढचं कुमासीत. सध्या ती आक्र्यात एका खाजगी कंपनीत लहान शहरांच्या पाणीपुरवठा योजना आखते. नेदरलँड्समधल्या विद्यापीठात तिला पीएचडीसाठी चार वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली आहे आणि सहा आठवड्यांत होकार कळवायचा आहे. आजोळच्या गावची ओहेमा (राणीमाता) असलेली तिच्या आईची मावशी आठ महिन्यांपूर्वी वारली. गावचे ओहेने, म्हणजे गावप्रमुख, तिच्या आईचे मावसभाऊ आहेत, वय 74. त्यांनी आणि घराण्याच्या वडीलधाऱ्यांनी ओहेमाच्या आसनासाठी, म्हणजे पदासाठी, तिचं नाव पुढे केलं आहे. गावात शिक्षिका असलेली एक मावसबहीणही इच्छुक आहे. इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या ओहेमाचं नाव घेऊन वडीलधारे म्हणतात, ‘याआ असांतेवाच्या मातीतली तू, आणि घाबरतेस?’ पुण्याची आजी कौतुकाने ‘आमची राजकन्या’ म्हणते. तिला भीती वाटते की नोकरी सुटेल, केस कापावे लागतील, लग्न त्यांच्या पसंतीने करावं लागेल. शिवाय वडील परदेशी असल्याने आपण तिथे अर्ध्याच ठरू, असंही तिला वाटतं. ती विचारते, ‘ताई, मी रक्त निवडू की स्वप्न?’

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देणार नाही, कारण तो प्रश्न तुझा वाटतच नाही. तुझ्यापुढे रक्त आणि स्वप्न नाहीत. एक पद आहे आणि एक अभ्यासक्रम आहे. दोन्हींना तारखा आहेत, कामं आहेत, खर्च आहे, आणि दोन्हींच्या अटींवर बोलता येतं. फक्त एक फरक आहे. विद्यापीठाशी तू नंतरही बोलू शकतेस. आसनावर बसल्यानंतर मात्र अटी ठरवण्याची ताकद तुझ्या हातात फारशी उरत नाही. आज तू फक्त ‘नाव पुढे आलेली’ आहेस, म्हणून बोलण्याची खरी वेळ आजच आहे.

आधी आजीच्या ‘राजकन्ये’बद्दल. आजीचं प्रेम खरं आहे, पण त्या शब्दामुळे तुझ्याही डोळ्यांपुढे मिरवणूक, केंटेचं रंगीत कापड आणि सोन्याचे दागिने उभे राहिलेत असं पत्र वाचताना वाटलं. ओहेमा राजाची बायको नसते आणि आईच असावी असंही नाही. 1977 पासून असांतेहेमा, म्हणजे सगळ्या असांतेंची ओहेमा, असलेल्या नाना अफिया कोबी सेरवा आम्पेम दुसऱ्या या सध्याच्या असांतेहेनेंच्या, म्हणजे असांते राजाच्या, आई होत्या. नोव्हेंबर 2016 मध्ये त्या वारल्या आणि फेब्रुवारी 2017 मध्ये असांतेहेनेंची थोरली बहीण नाना कोनाडू यिआडोम तिसऱ्या म्हणून आसनावर आली. ओहेमाचं स्वतःचं आसन असतं, स्वतःचा दरबार असतो, तिच्या वतीने बोलणारा ओक्येआमे असतो. घरगुती तंटे, नवराबायकोची भांडणं, बायकांच्या तक्रारी तिच्यापुढे येतात. घराण्यात कोण कोणाच्या पोटचं आहे हे तिला पाठ असावं लागतं, कारण ओहेनेचं आसन रिकामं झालं की उमेदवाराचं नाव तिनेच सुचवायचं असतं. निवड करणाऱ्या मंडळींनी नाव नाकारलं तर दुसरं, तेही नाकारलं तर तिसरं. तिन्ही नाकारली गेली की मग नाव त्या मंडळींकडून येतं.

म्हणून मला तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा 32 किंवा चार वाटला नाही. 74 वाटला. तू परदेशी असताना त्या मामांचं, म्हणजे ओहेनेंचं, काही बरंवाईट झालं, तर ओहेमाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम नेमकं तुझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या वर्षात येऊन उभं राहील. हे काम फोनवरून होत नाही. उमेदवार कोणकोण आहेत, कोणाच्या मागे कोणाचा पैसा आहे, कोणाचं आईकडचं नातं खरं आणि कोणाचं जोडून आणलेलं, हे गावात बसल्याशिवाय कळत नाही. घाईत किंवा दुरून दिलेलं नाव वादात सापडतं. तो वाद मग पारंपरिक परिषद, प्रमुखांची प्रादेशिक परिषद, प्रमुखांची राष्ट्रीय परिषद यांच्या न्यायसमित्यांतून वर चढतो आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकतो. अशी प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात आणि तोवर गावचं प्रत्येक काम अडतं. मामांची तब्येत कशी आहे, हे आईकडून स्पष्ट विचारून घे. विचारायला अवघड आहे, तरी विचार.

आता तुझ्या भीतींकडे वळू. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

नोकरीची भीती बऱ्याच अंशी निराधार आहे. घानाच्या 1992 च्या राज्यघटनेतलं कलम 277 ‘चीफ’च्या, म्हणजे पारंपरिक प्रमुखाच्या, व्याख्येत ओहेमालाही धरतं आणि कलम 276 चीफला सक्रिय पक्षीय राजकारणाची मनाई करतं. संसदेची निवडणूक लढवायची तर आसन सोडावं लागतं. पण त्याच कलमात पात्रता असेल तर सार्वजनिक पदावर नेमणूक होऊ शकते, असंही म्हटलं आहे. खाजगी नोकरीला तर आडकाठीच नाही. अडचण वेगळी आहे, ती कॅलेंडरची. आदाएचं, म्हणजे पूर्वजांना मान देण्याच्या विधींचं, चक्र 42 दिवसांचं. त्यात एक रविवार अकवासिदाएचा आणि एक बुधवार अवुकुदाएचा. वर्षाला दोन्ही मिळून साधारण सतरा दिवस झाले, त्यातले आठ-नऊ कामाचे बुधवार. शिवाय शनिवारचे अंत्यविधी. ओहेमाने कोणाच्या अंत्यविधीला जायचं टाळलं तर ते घर पिढीभर विसरत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी न्सावा, म्हणजे दुखवट्याची मदत, द्यावी लागते. आक्रा ते कुमासी साधारण अडीचशे किलोमीटर. रस्त्याने पाच-सहा तास आरामात जातात, पुढे गाव वेगळं. बुधवारच्या विधीसाठी मंगळवारी निघायचं आणि गुरुवारी परतायचं असा हिशोब धर, म्हणजे एका बुधवारामागे तीन दिवस. मालकाशी बोलताना ‘कधीकधी सुट्टी लागेल’ असं मोघम सांगू नकोस. पुढच्या वर्षाच्या तारखा लिहून ने. तारखा आधीच ठरलेल्या असल्याने हे बोलणं वाटतं त्यापेक्षा सोपं जाईल. कुमासीत बदली किंवा तिथून काम करण्याची सोय होते का, तेही त्याच वेळी विचार.

लग्नाचं म्हणशील तर पक्का नियम एकच आहे: स्वतःच्या अबुसुआत, म्हणजे आईकडच्या कुळात, लग्न नाही. बाकी दबाव येईल, तो मुलं होण्याबद्दल, विशेषतः मुलगी होण्याबद्दल. कारण नवरा कुठलाही असो, तुझी मुलं तुझ्याच अबुसुआची, आणि आसनाची वाट मुलींमधूनच पुढे जाते. हा दबाव खरा आहे आणि तो तू परदेशी गेलीस तरी थांबणार नाही. आसनाच्या निर्णयात त्याला मिसळू नकोस. केसांचं म्हणशील तर डॅन्सिंक्रान, म्हणजे गोलाकार कापून काळे केलेले आखूड केस, ही असांते ओहेमांची ओळख आहे. हे विधीचा भाग म्हणून सक्तीचं आहे की मोठ्या समारंभापुरतं, हे प्रत्येक गावात ओबापान्यिनला, म्हणजे घराण्यातल्या ज्येष्ठ बाईलाच माहीत असतं. तिलाच विचार. मासिक पाळीत आसनघरात न जाण्याचा जुना नियमही तिच्याशीच बोल. तुझ्या वयाच्या ओहेमाला तो प्रत्यक्ष अडचण करणार, आणि अशा दिवशी विधी कोणी करायचा हे आधी ठरलेलं नसेल तर ऐन आदाएला ते सगळ्यांसमोर ठरवावं लागतं.

आणि ‘अर्धी’ असण्याची भीती. ती सोडून दे. अकान समजुतीप्रमाणे रक्त आईचं आणि अंगचं तेज, स्वभाव बापाचा. आई राजघराण्यातली म्हणजे तू त्या घराण्यातली, पूर्ण. वडील घानाचेच असते आणि आई पुण्याची असती, तर तुझं नाव पुढे आलंच नसतं. प्रतिस्पर्धी बाजू ‘परदेशी बापाची मुलगी’ असं म्हणू शकेल, पण ते आसनावरच्या हक्काविरुद्धचं कारण नव्हे. तुझी ट्वी, म्हणजे तिथली भाषा, कशी आहे, हा प्रश्न मात्र रास्त ठरेल. दरबारातली ट्वी बाजारातल्या ट्वीपेक्षा वेगळी असते, म्हणींनी भरलेली. ती शिकायला वेळ लागतो आणि ओक्येआमे तुझ्या वतीने बोलत असला तरी समोरच्याचं तुला समजलंच पाहिजे.

याआ असांतेवाचं नाव घेऊन तुला भरीला घालणाऱ्यांना एवढंच सांग. एजिसूची ती ओहेमा 1900 साली इंग्रजांविरुद्ध उभी राहिली तेव्हा तिचा नातू, एजिसूचा ओहेने, 1896 मध्येच असांते राजा प्रेम्पेहबरोबर हद्दपार झालेला होता. म्हणजे तिच्या गावात आसन सांभाळायला ती होती, हजर होती. तिचं नाव घेऊन चार वर्षं गैरहजर राहणारी ओहेमा मागणं हे तिच्या उदाहरणाशी जुळत नाही.

दुसऱ्या राजकन्यांची उदाहरणं तुझ्या मैत्रिणींनी दिली आहेत, तीही तपासून घे. युगांडातल्या टोरोच्या एलिझाबेथ बगाया 1965 साली इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाल्या, भावाच्या कारकिर्दीत त्यांच्याकडे बातेबे हे राजभगिनीचं पद आलं, पुढे 1974 मध्ये त्या परराष्ट्रमंत्री झाल्या आणि नंतर अमेरिकेत राजदूत. एस्वातिनीच्या राजकन्या सिखान्यिसो 2018 मध्ये मंत्री झाल्या. दोघी कर्तबगार. पण टोरोचं राज्यच 1967 मध्ये रद्द झालं आणि 1993 मध्ये पुन्हा उभं राहिलं, तर एस्वातिनीत राजाच राज्य चालवतो. घानाच्या घटनेत पक्षीय राजकारण आणि आसन एकत्र बसत नाही. तुझ्याशी जास्त जुळणारं उदाहरण पेगिलीन बार्टेल्स यांचं आहे. वॉशिंग्टनमध्ये घानाच्या वकिलातीत सचिव असताना 2008 मध्ये त्या किनाऱ्यावरच्या ओटुआम गावच्या आसनावर निवडल्या गेल्या, तेही ओहेमा म्हणून नव्हे तर थेट गावप्रमुख म्हणून. नोकरी चालू ठेवून त्या सुट्टीत गावी जात. म्हणजे दुरून आसन सांभाळणं अशक्य नाही. पण दुरून सांभाळताना पहिल्यांदा हातातून सुटतो तो पैशाचा हिशोब.

तेव्हा हिशोबाबद्दल सविस्तर बोलते, कारण तुझ्या पत्रात त्याचा एकही उल्लेख नाही आणि चांगल्या हेतूने बसलेल्या बाईचं नाव खराब होतं ते इथेच. आसनाच्या जमिनीचं उत्पन्न घटनेच्या कलम 267 प्रमाणे वाटलं जातं. आधी 10 टक्के जमीन-प्रशासक कार्यालयाच्या खर्चासाठी. उरलेल्यातले 25 टक्के आसनाच्या इतमामासाठी, 20 टक्के पारंपरिक सत्तेला आणि 55 टक्के जिल्हा सभेला. समज, वर्षाला 1,00,000 सेडी (घानाचं चलन) जमा झाले. 10,000 वजा जाऊन 90,000 उरतात. त्यातून आसनाकडे 22,500 येतात. हे ओहेनेच्या आसनाला की दोन्ही आसनांना मिळून? ओहेमाचा वाटा कोण ठरवतं? गेली पाच वर्षं तो कोणाच्या हातात पडला? हे प्रश्न थोरल्या मामांना, म्हणजे कुळप्रमुख अबुसुआपान्यिनना, आत्ताच विचार. उत्तर ‘ते आम्ही बघतो’ असं आलं, तर तुझे न्सावाचे पैसे पगारातूनच जाणार असं धरून चाल.

त्याच्या जोडीला तुझी स्वतःची मिळकत वेगळी ठेव. आक्र्यातला फ्लॅट, बचत, पुढे घेशील ती जमीन, सगळं तुझ्या नावावर स्वच्छ कागदांनिशी असू दे आणि मृत्युपत्र कर. मृत्युपत्र नसेल तर 1985 चा वारसा कायदा स्वकमाईची मिळकत मुख्यतः जोडीदार आणि मुलांकडे वळवतो, पण आसनाच्या आणि कुळाच्या मालमत्तेला तो लागू नाही. ज्या घरात आसनाचं सामान ठेवलं, ज्याची डागडुजी आसनाच्या पैशातून झाली, ते घर नेमकं कोणाचं, असा वाद नंतर उभा राहतो. आसनाच्या पैशासाठी वेगळं खातं, दोन सह्या, त्यातली एक तुझ्या कुळाबाहेरच्या वडीलधाऱ्याची. आपल्याकडे घरच्या देवस्थानाची किंवा ट्रस्टची जबाबदारी अंगावर आलेल्या वाचकांनीही एवढा भाग जसाच्या तसा उचलावा.

तुझं काम पाण्याचं आहे, म्हणून एक गोष्ट वेगळी सांगते. ओफिन नदीच्या खोऱ्यात बेकायदा सोनेखाणींनी, गालामसेने, पाणी किती गढूळ केलं आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आसनावर बसलीस तर ‘आपल्याच मुलांना पोट भरू द्या’ म्हणत लोक तुझ्या अंगणात येतील. जमीन आसनाची असली तरी जमिनीखालचं खनिज घटनेप्रमाणे राष्ट्रपतींकडे जनतेच्या वतीने असतं. खाणीला होकार द्यायचा अधिकार ना ओहेनेला ना तुला. हे वाक्य पाठ कर आणि दरबारात पहिल्याच महिन्यात सगळ्यांसमोर बोल. आणि तुझ्या कंपनीला गावच्या पाणी योजनेचं काम मिळत असेल, तर त्यातून स्वतः लेखी बाजूला हो. तू अभियंता म्हणून दिलेला प्रामाणिक सल्लाही नाहीतर आसनाचा स्वार्थ ठरेल. एरवी मात्र तुझं शिक्षण आणि हे आसन एकमेकांच्या आड येतील असं मला वाटत नाही. हातपंप कुठे आणि शाळेतली स्वच्छतागृहं आधी की नंतर, हे प्रश्न बायका ज्या दरबारात आणतात तो तुझाच असेल.

आता करायचं काय. विद्यापीठाला दोन गोष्टी विचार: प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येईल का, आणि पीएचडी सँडविच पद्धतीने करता येईल का, म्हणजे वर्षातले चार-सहा महिने तिथे आणि क्षेत्रकाम घानात, कुमासीच्या क्वामे एन्क्रुमा विद्यापीठातला सहमार्गदर्शक घेऊन. पाण्याच्या विषयात क्षेत्रकाम तसंही करावंच लागतं, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही. शिष्यवृत्ती देणारी संस्था वेगळी असेल तर तिलाही विचार, कारण विद्यापीठ हो म्हणतं आणि निधी नाही म्हणतो असं होतं.

वडीलधाऱ्यांकडे वर्षश्राद्धासारख्या शेवटच्या मोठ्या विधीपर्यंतची मुदत माग. तोवर दोन आदाए गावात जाऊन पूर्ण बघ, पाहुणी म्हणून नाही, ओबापान्यिनच्या शेजारी बसून. या काळात एक सावधगिरी पाळ, आणि ती कसोशीने पाळ: कोणाकडून विधीचं पेय (दारूची बाटली), पैसे, कापड स्वीकारू नकोस आणि स्वतः ‘असेदा’, म्हणजे आभाराची भेट, देऊ नकोस. असेदा दिलं-घेतलं की होकार झाला असं धरलं जातं. त्याच कारणाने हातावर किंवा अंगावर पांढरी माती लावू देऊ नकोस. पाहुणचार म्हणून पुढे आलेली बाटलीसुद्धा ‘आईच्या हातात द्या’ म्हणून वळव, आणि आईने ती कशासाठी घेतली हे तिथेच सर्वांसमोर बोलून टाकावं.

मुदतीत बोलणं जमलं, तर अटी कागदावर घे: कोणत्या आदाएंना तू स्वतः हजर, कोणत्या वेळी तुझ्याऐवजी कुळातली कोणती ज्येष्ठ बाई बसणार, खातं कोणाच्या सह्यांनी चालणार, अभ्यासासाठी किती महिने बाहेर. थोरले मामा, ओहेने, ओबापान्यिन आणि निवड करणाऱ्यांपैकी दोघांच्या सह्या घे. न्यायालयात हा कागद टिकेल असं समजू नकोस. त्याचा उपयोग आठवणीसाठी आहे, कारण तीन वर्षांनी बोललेलं प्रत्येकाला वेगळं आठवतं. ओहेनेसाठी उमेदवार सुचवण्याचं काम मात्र त्या कागदात कोणालाही देऊ नकोस.

माझं मत विचारशील तर असं आहे. सलग चार वर्षं बाहेर राहण्यावाचून पर्याय नसेल, तर आत्ता आसन स्वीकारू नकोस. सँडविचची सोय झाली आणि मामांची तब्येत बरी असेल, तर स्वीकारण्याचा गंभीरपणे विचार कर. तू या कामाला योग्य आहेस असं तुझ्या पत्रातून दिसतं. ‘आता नाही म्हटलं तर दार कायमचं बंद’ हेही पूर्ण खरं नाही. नाना कोनाडू यिआडोम असांतेहेमा झाल्या तेव्हा नव्वदीच्या आसपास होत्या आणि ऑगस्ट 2025 पर्यंत, वयाच्या 98 व्या वर्षापर्यंत, त्या पदावर होत्या. हेही तितकंच खरं की आसन तहहयात असतं. तुझी मावसबहीण बसली तर तुझी पाळी कदाचित कधीच येणार नाही. ते चालेल का, याचं उत्तर तुला प्रामाणिकपणे शोधावं लागेल.

नकार द्यायचा ठरला तर व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. स्वतः जा, आईला आणि तुमच्या बाजूच्या एका ज्येष्ठाला बरोबर घे, पेय घेऊन जा आणि बोलणं त्या ज्येष्ठांच्या तोंडून होऊ दे. नाव जाहीर होण्याआधी जा. जाहीर झाल्यावरचा नकार म्हणजे ओहेनेचा अपमान होतो. कारण एकच सांग, अभ्यासाचं. केस, लग्न, शनिवारचे अंत्यविधी यांची यादी वाचलीस तर ते एकेक अडचण सोडवायला बसतील. आणि त्याच बैठकीत मावसबहिणीचं नाव घेऊन तिला तुझा पाठिंबा आहे हे सर्वांसमोर सांग.

त्याआधी मात्र तिच्याशी बोल. पत्रात तू तिचा उल्लेख एका ओळीत केला आहेस आणि तोही प्रतिस्पर्धी म्हणून. ती गावात राहते, दरबारातली ट्वी जाणते, कोणतं घर कोणावर रागावलं आहे ते तिला ठाऊक आहे. तू बसलीस तर तुझ्या गैरहजेरीत तिच्याइतकं कोणी उपयोगी पडणार नाही, आणि ती बसली तर गावच्या पाण्यासाठी तिला तू लागशील. या आठवड्यात तिला भेट, दोघीच बसा, वडीलधाऱ्यांना कळायच्या आत. विद्यापीठाला मेल त्याच दिवशी पाठव.